आगाऊ दुकान

दिवाळी अंकासाठी लेख द्या म्हणून संपादकांचा फोन आला, तेव्हा आमच्या सौंसरात आखाड चालू होता. रस्त्यावर चिखल, कपाशीत निंदण, आणि हे गृहस्थ मला दिवाळीचं विचारत होते. मी म्हटलं, "साहेब, एवढ्या लवकर?" तर म्हणाले, "आधी तयारी करावी लागते हो. सण तोंडावर आल्यावर कोण थांबतंय आपल्यासाठी?" मला फार बरं वाटलं. जन्मभर ज्या गोष्टीपायी आम्ही लोकांची बोलणी खाल्ली, तीच एका शिकल्या-सवरल्या माणसानं आपल्या तोंडानं कबूल केली.

आमचं दुकान सणांच्या सामानाचं. मी 'आमचं' म्हणतो, पण मालक दादा होते आणि मी त्यांच्याकडे नोकर. मिसरूड फुटलं तेव्हा लागलो आणि गुडघे गेले तेव्हा सुटलो. राख्या, पोळ्याला बैलांचा साज, तान्ह्या पोळ्याला पोरांचे लाकडी नंदी, गणपतीची मखरं, आकाशकंदील, होळीच्या पिचकाऱ्या, असं वर्षभर एकामागून एक. पाटीवर दादांच्या वडिलांचं नाव आहे, पण ते कोणी वाचत नाही. गावात कोणालाही विचारा, 'आगाऊ दुकान' म्हणूनच सांगतील. सगळं सामान आगाऊ लागतं म्हणून आगाऊ. आणि चारचौघांनी सांगूनही ऐकत नाही म्हणूनही आगाऊ.

जेठाच्या उन्हात लोक बी-बियाणं घ्यायला बाजारात यायचे, तेव्हा आमच्या दारात राख्या लटकत असायच्या. "काऊन दादा, अजून पेरणी व्हायची आहे अन् तुम्ही राख्या लावून राहिले?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की माणूस पायरी चढायच्या आत मला ते त्याच्या ओठांवर दिसायचं. दादांचं उत्तरही ठरलेलं होतं. गादीवरून न उठता ते म्हणायचे, "दुकानात लागलं म्हणजे लागलं."

आमच्या धंद्यात माल 'लावणे' म्हणजे तो बाहेर काढून मांडणे, टांगणे. माल लागतो, तसा महिनाही लागतो. दादा हे दोन्ही एकात कालवायचे आणि समोरच्याला वाटायचं, दुकानदारानं आपल्याला कोड्यात टाकलं. दादांना मजा यायची.

बाहेरच्यांना वाटतं, लवकर टांगलं की लवकर विकलं जातं. तसं नाही. पहिल्यांदा माणूस बघतो आणि हसतो. पुढच्या बाजाराला बघतो, हसत नाही. त्याच्या पुढच्या बाजाराला नुसतं हात लावून बघतो. मग एक दिवस भाव विचारतो, आणि भाव विचारला की तो सण त्याच्या घरात शिरला म्हणून समजा. दादा याला 'नजर बसणं' म्हणत. नजर बसायला वेळ लागतो. म्हणून राखी मोठ्यांच्या डोळ्यांसमोर आणि लाकडी नंदी अगदी खाली, पोरांच्या हाताला लागेल असा. पोरगं नंदीची दोरी धरून बसलं की बापाची बस चुकायची, पण नंदी मात्र दिवाणखान्यात जायचा.

आधी लावायचं म्हणजे जपायचंही आलं. कंदिलाचा कागद पावसाळ्यात दमट होतो, राखीचा रेशमी धागा उंदरांना आवडतो, लाल रंग उन्हानं गुलाबी पडतो. रोज दुपारी मी राख्यांची माळ फिरवून लावायचो, म्हणजे ऊन सगळ्यांना सारखं लागेल. लोक समजायचे, मनोहरला काही काम नाही.

दादांच्या हिमतीचं मला फार कौतुक होतं आणि आहे. पाऊस लांबला, कपाशीवर अळी पडली, संत्र्याची गळ झाली, तरी त्यांनी एकही सण उशिरा लावला नाही. मी एकदा विचारलं, "दादा, यंदा थांबू का? लोकायचं मन नाही सणात." ते म्हणाले, "मनोहर, म्हणूनच लाव. त्यायले दिसू दे का पोळा यंदाही येऊन राहिला." मी लावला.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. पांढुर्ण्याच्या स्टेशनावर एक पॉइंट्समन होते. दिवाळीत त्यांना रजा कधीच मिळायची नाही, कारण दिवाळीत सगळा देश गाडीत बसतो. ते दसऱ्याआधीच सौंसरला येऊन पणत्या, कंदील, रांगोळी घेऊन जायचे आणि सुट्टीच्या दिवशी घरी लक्ष्मीपूजन उरकायचे. "लक्ष्मीले ड्यूटी समजते, भाऊ," असं म्हणायचे. त्यांच्या गल्लीत सगळ्यांच्या आधी त्यांच्या दारात कंदील लागायचा. त्यांच्यामुळे मला पहिल्यांदा कळलं की सण सगळ्यांच्या घरी एकाच दिवशी येत नाही.

दुसरे एक निवृत्त गुरुजी. हे दर सणाला येऊन आम्हाला रागवायचे. "दादा, ही कालगणनेची विटंबना आहे. आषाढात रक्षाबंधन?" दादा म्हणायचे, "बसा गुरुजी, च्या घ्या." चहा पीत पीत गुरुजी तिथी, वार, नक्षत्र सगळं समजावून सांगायचे. मग जाताना हळूच विचारायचे, "आकाशकंदील आले का?" चांगला कंदील दुसऱ्यानं उचलायच्या आत त्यांना हवा असायचा. पोळ्याच्या आधी कंदील नेणारं गावातलं ते एकच गिऱ्हाईक, आणि आम्हाला सगळ्यात जास्त रागवणारंही तेच.

आता ममताचं सांगतो. मला लिहायचं होतं ते तिच्याबद्दलच.

ममता दादांची सून. दादांचा मुलगा सुधीर शिक्षक, जबलपूरला शिकायला होता, तिथं दोघांची ओळख झाली. मुलगी नरसिंहपूरची, घर हिंदी. दादांनी मोठ्या मनानं लग्न लावलं. त्यांच्या बायकोनं, म्हणजे माईंनी, मनाच्या थोड्या लहान कोपऱ्यातून लावलं. माई वाईट नव्हत्या. पण त्यांचं घर त्यांच्या रीतीनं चालायचं आणि रीत म्हणजे स्वयंपाकघरात टांगलेलं मराठी कॅलेंडर. त्यात असेल तो सण, त्यात असेल तो उपास.

इथं एक गोष्ट समजावून सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचा भाग राज्यानं मध्यप्रदेशात आणि बोलीनं वऱ्हाडात. मराठी माणसाचा महिना अमावास्येला संपतो, हिंदी माणसाचा पौर्णिमेला. सण एकाच दिवशी येतात, पण महिने वेगवेगळ्या दिवशी लागतात. गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी नरसिंहपुराकडे सावन लागतो. आमच्या घरात तेव्हा अजून अर्धा आषाढ, म्हणजे आखाड, उरलेला असतो. आमचा श्रावण पुढच्या अमावास्येनंतर. म्हणजे एकाच घरात, एकाच ताटावर बसलेल्या दोन बायकांपैकी एकीचा सावन लागलेला असतो आणि दुसरीचा नाही.

पहिल्या वर्षी सगळं नवं होतं, ममता माहेरी जाऊन आली. दुसऱ्या वर्षी गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी छिंदवाड्याच्या बसमधून तिचा भाऊ उतरला. हातात पिशवी, पिशवीत आईच्या हातचे गुजिये, आपल्या करंज्यांसारखे. तो सरळ दुकानात आला. त्या वेळी माई गल्ल्यावर होत्या, दादा गादीवर, आणि ममता आतल्या बाजूला माझ्याबरोबर राख्यांची खोकी उघडत होती. सुधीरही होता, शाळा लवकर सुटली म्हणून.

पोरगा माईंच्या पाया पडला आणि म्हणाला, "माँजी, दीदी को लेने आया हूँ. सावन लग गया."

माई म्हणाल्या, "कुठं लागला? अजून आखाड आहे. श्रावण लागला का मंग ये न्यायले."

"नहीं माँजी, आज से लग गया. सब बहनें आ गईं, माँ राह देख रही है."

"आमच्याइथं नाही लागला, बापा. नागपंचमीले ये."

ममतानं खोकं खाली ठेवलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. तिकडे सावनाच्या पहिल्याच आठवड्यात साऱ्या बहिणी आईकडे जमतात, अंगणातल्या झाडाला झोका बांधतात, मेंदी लावतात, आणि राखी बांधून परततात. नागपंचमीपर्यंत थांबली तर तिचा अर्धा सावन इथंच जाणार, आणि मग राखीची गर्दी सुरू झाल्यावर दुकान तिला सोडणार नाही. हे तिला कळत होतं, मला कळत होतं, आणि माईंना कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. सुधीर आईकडे बघत होता, बायकोकडे बघत होता, आणि शेवटी पंख्याकडे बघायला लागला.

पोरगा हुशार होता. त्यानं वर पाहिलं. दारात राख्यांच्या माळा, हिरव्या बांगड्यांची चळत, कोपऱ्यात झोक्याच्या रंगीत दोऱ्या. तो म्हणाला, "माँजी, आप ही की दुकान में तो सावन लगा हुआ है."

माई चिडल्या. "ते दुकान आहे. दुकानातलं वेगळं, घरातलं वेगळं."

तेव्हा ममता पुढे आली. आमची बोली तिला अजून नीट येत नव्हती, एकेक शब्द चाचपत ती दादांना म्हणाली, "बाबा, दुकानात लागलं म्हणजे लागलं. तुमीच तं म्हणता."

मग दादा हसायला लागले. इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि मी पाणी आणायला धावलो. डोळे पुसत ते म्हणाले, "पोरीनं धरलं मले. आता काय बोलू? आपलंच बोलणं आपल्याच सुनेच्या तोंडून." आणि माईंकडे वळून, जरा हळू आवाजात, "जाऊ दे तिले. तिचा लागला आहे."

ममता निघाली तेव्हा माईंनी चळतीतल्या हिरव्या बांगड्या काढून तिच्या पिशवीत टाकल्या. टाकताना तोंड मात्र दुसरीकडे होतं.

त्या राखीला दुकानात आमचे हाल झाले, कारण दोन हात कमी होते. पण ममता परत आली ती डोक्यात काहीतरी घेऊन. मला म्हणाली, "भाऊ, एक सांगू? आपलं दुकान लेट आहे."

मी म्हटलं, "लेट? या दुकानाले?"

ती म्हणाली, सावनाचे सोमवार हिंदी लोकांकडे केव्हाचे सुरू झाले होते. तहसीलमधले बाबू, बँकेतले, शाळेतले, निम्मे लोक छिंदवाडा-नरसिंहपूर-बैतुलकडचे. त्यांच्या बायकांनीच तिला परतल्यावर सांगितलं होतं: पहिल्या सोमवारी त्या महादेवाच्या पूजेचं सामान मागायला आल्या आणि आपलं सामान वर माळ्यावर बांधलेलं. आपण त्यांना म्हणालो, श्रावण लागू द्या.

खरं होतं. ज्या दुकानाचं नावच आगाऊ पडलं, ते निम्म्या गिऱ्हाइकांसाठी पंधरवडाभर उशिरा उघडत होतं, आणि एवढ्या वर्षांत ना दादांच्या लक्षात आलं, ना माझ्या. कारण दुकानाच्या भिंतीवरही एकच कॅलेंडर होतं. पुढच्या वर्षी ममतानं शेजारी दुसरं टांगलं, हिंदी पंचांगाचं. तेव्हापासून दुकानात दोन सावन लागू लागले. पोळा आमच्याकडे श्रावणातली अमावास्या, तिकडे भादोंतली. ती पोळ्याचं सामान दोन्ही नावांनी सांगायची आणि दोन्ही गिऱ्हाइकांना वाटायचं, ही आपल्याच गावची. दादा म्हातारे होत गेले तशी गादी तिच्याकडे आली. अलीकडे पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा तिनं तिथंही एक दुकान काढलं. मी आयुष्यात पुष्कळ दुकानदार पाहिले; असा एकही नाही.

गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ दर वर्षी यायचा आणि ती दर वर्षी जायची. दुकान कितीही भरलेलं असो. माई दर वर्षी न चुकता म्हणायच्या, "अजून आखाड आहे," आणि न चुकता बांगड्या द्यायच्या.

मग दादा गेले. त्यानंतर ममताची आई गेली. भाऊ कामासाठी सुरतेला गेला, बायको-पोरं घेऊन. नरसिंहपूरच्या घराला कुलूप लागलं. बहिणी आपापल्या घरी. राखी पोस्टानं जायला लागली आणि भाऊ फोनवर दिसायला लागला.

त्या वर्षी गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ममता सकाळपासून शिडीवर होती. नोकरमाणसं होती, तरी स्वतः माळा टांगत होती. छिंदवाड्याची बस आली, माणसं उतरली, तिनं मान वळवून बघितलं आणि परत दोरीची गाठ मारू लागली. मी खालून म्हटलं, "ममता, खाली ये, मी लावतो." ती म्हणाली, "अब कौन बुलाएगा, भाऊ?" इतक्या वर्षांनी ती माझ्याशी हिंदीत बोलली. मला फार वाईट वाटलं. मी शिडी धरून उभा राहिलो. गल्ल्याजवळ खुर्चीत माई बसल्या होत्या. त्या वर्षी त्या "अजून आखाड आहे" म्हणाल्या नाहीत. मला वाटलं, म्हातारीच्या लक्षात आलं नसेल.

त्यानंतर माझे गुडघे गेले आणि मी घरी बसलो. पुढच्या वर्षी गुरुपौर्णिमेला माईंचा फोन आला. "मनोहर, उद्या सकाळी दुकानात ये."

"माई, आता माह्याच्यानं शिडी नाही होत."

"शिडीवर कोण चढवून राहिलं तुले? गादीवर बसाचं आहे. ये."

गेलो. ममता नेहमीसारखी कामात. मला पाहून चकित झाली. तेवढ्यात घरातून माई आल्या. नवं लुगडं, हातात कापडी पिशवी, बाहेर रिक्षा उभी. त्यांनी चळतीतल्या हिरव्या बांगड्या काढल्या आणि ममतासमोर धरल्या. "भर हातात."

"आई, कुठं जाऊन राहिलो?"

"माहेरी."

"कोणाच्या?"

"माह्या. बोरगावले. माह्या भावाच्या पोरायले सांगून ठेवलं आहे, निंबाले झोका बांधला त्यायनं. चाल."

ममता नुसती उभी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती ते गिऱ्हाइकांपासून लपवत होती. म्हणाली, "आई, सीझन आहे. दुकान?"

"मनोहर पाह्यते. त्याच्यासाठीच बोलावलं त्याले."

मग ममता रडता रडता हसली. माईंची इतक्या वर्षांची ओळख होती तिला, सोडते थोडीच. म्हणाली, "पण आई, अजून आखाड आहे ना?"

माईंनी मान वर केली. दारात राख्यांच्या माळा वाऱ्यानं हलत होत्या. मग दादांच्याच ठेक्यात म्हणाल्या, "दुकानात लागलं म्हणजे लागलं."

मी गादीवर जाऊन बसलो. दादांनी हे ऐकायला हवं होतं. मला एवढीच एक हळहळ आहे.

रिक्षा गेली. माई बाहेर डोकावून रस्ता बघत होत्या आणि ममता त्यांचा पदर आत ओढत होती. तेव्हापासून दर वर्षी त्या दोघी जातात. माई आता ऐंशी पार केलेली बाई, पण झोक्यावर बसते म्हणे. दर वर्षी तेवढ्या दिवसांपुरता मी पुन्हा नोकरीला लागतो. दुपारी राख्यांची माळ फिरवून लावायला मात्र अजून मीच उठतो, तेवढं गुडघे ऐकतात.

यंदाही गेल्या. त्याच दुपारी काठी टेकत गुरुजी आले. थकलेत, पण आवाज तोच. "मनोहर, आषाढात राख्या! तुम्ही लोक सुधारणार नाही. सूनबाई कुठं आहे?"

"माहेरी गेली, गुरुजी."

"आत्ता? अजून श्रावण कुठं लागला?"

मी म्हटलं, "तिचा लागला."

गुरुजींनी तोंड उघडलं. माझी चूक काढायला ते भिंतीवरची दोन्ही कॅलेंडरं बघू लागले, आधी एक, मग दुसरं. मग काठी बाजूला ठेवून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हो. लागला खरा."

मी चहा सांगितला.